दोनशे बारा बटणं

खेळाच्या सामानाच्या दुकानात शटलकॉक घ्यायला आलेल्या मास्तरांना घाई होती. पण पुढचं जोडपं काउंटर अडवून उभं होतं. दुकानदारानं त्यांच्यापुढे एक डबा सरकवला.

“पोकरच्या चिप्समध्ये सगळ्यात स्वस्त हा लाल सेट. तीनशे चिप्स.”

“हाच बांधा. शनिवारी घरी चार डोकी जमणार, त्याला महागातला कशाला?”

“अहो, थांबा जरा. मागच्या शनिवारी माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं घेऊन खेळलात. मी दोनशे मोजून दिली होती. परत आली दोनशे बारा.”

“झालं पुन्हा सुरू! मोजताना चुकली असशील.”

“बटणं मोजताना? वीस वर्षं शिवतेय मी. कुणीतरी तसलीच बटणं खिशातून आणली आणि जाताना तुमच्याकडून त्यांचे पैसे घेऊन गेलं.”

“म्हणून तर चिप्स घेतोय ना! आणि हा लाल सेट तुझ्या भावानंच सुचवलाय.”

“दादानं?”

“ताई, हा चांगला खपतो. कालच एकानं नेला. बिचाऱ्याच्या हाताला प्लास्टर, मीच गाडीत ठेवून दिला.”

मास्तर घड्याळ बघायचे थांबले.

“डाव्या हाताला?” बायकोनं दुकानदाराला विचारलं.

“हो. ओळखीचे आहेत का?”

“अगं, जाऊ दे ना. आपण तो निळा घेऊ. शंभर जास्त गेले तर गेले.”

“नको. लालच द्या. आणि एक बारीक टोकाचा काळा मार्कर.”