सुमनताईंचा सूड

पालकांनो, शिक्षकांनो, गावातल्या माणसांनो, आज बाजाराचा दिवस असून तुम्ही सगळे आलात. बोलायला उभी राहिले खरी, पण सुमनताईंच्या फोटोकडे बघितलं की काय बोलायचं तेच विसरते. म्हणून मी फोटोकडे बघणारच नाही. पहिल्या रांगेकडे बघून बोलते.

तिथं संस्थेचे अध्यक्ष बसलेत. आपल्या सगळ्यांचे गुरुजी, या शाळेचे जुने मुख्याध्यापक. आत्ताच त्यांनी शोकठराव वाचला. सुमनताई दयाळू होत्या, म्हणून त्यांनी बहिऱ्या मुलांचा वर्ग काढला, असं त्यात लिहिलंय.

खोटं आहे, गुरुजी. आणि ते तुम्हाला माहीत आहे.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाऊस नव्हता. सुमनताई बारा वर्षांच्या, धाकटी बहीण शांता सात वर्षांची. ती बघा, आज खिडकीपाशी वर्गातल्या मुलांमध्ये बसलीय. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. वडील दोघींना घेऊन तिचं नाव घालायला या शाळेत आले. गुरुजींनी चिठ्ठी लिहिली, 'मुकी, वय सात', आणि म्हणाले, "लातूरच्या सायबाला इचारा."

सुमनताई म्हणाल्या, "गुरुजी, तिचं नाव शांता हाय."

"तिला ऐकू येतंय का? मग काय बी लिव्हलं तरी चालतंय की!"

ऑफिसातले सगळे हसले होते. सुमनताईंना शेवटपर्यंत ते हसणं आठवायचं.

लातूरला साहेब म्हणाले, तुमच्या तालुक्याचे कागद अजून उस्मानाबादलाच आहेत. उस्मानाबादला म्हणाले, तुमचा जिल्हा आता लातूर. मजुरी बुडवून वडिलांनी तीन चकरा मारल्या. चौथ्यांदा गुरुजींकडे गेले तर ऐकायला मिळालं, "लेका, गावाला टँकर येईना, अन् तू मुकीला शाळा मागायलास?"

मी या शाळेत ताईंच्या वर्गाला शिकवायला आले ती दयेपोटीच. पहिल्याच आठवड्यात ताईंना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "दया लवकर आटते गं. मी सूड घ्यायला आलेय. तो पुरतो."

कसला सूड? बहिऱ्या मुलांना शिकवायचं ट्रेनिंग घेऊन त्या मुद्दाम इथंच परत आल्या. वर्ग काढला. वर्गातली पहिली विद्यार्थिनी कोण? शांता. तेव्हा वीस वर्षांची, कडेवर लेकरू. तिला सहा महिने शिकवलं आणि गुरुजींच्या ऑफिसात नेलं. शांतानं फळ्यावर नाव लिहिलं. ताई म्हणाल्या, "वाचा गुरुजी. मोठ्यानं."

गुरुजींनी वाचलं.

मग दरवर्षी तेच. लिहायला शिकलेलं प्रत्येक लेकरू गुरुजींपुढं उभं. वाचा गुरुजी. मोठ्यानं. एकदा वैतागून ते म्हणाले, "सुमन, किती वर्षं छळणार हायस मला?"

"तुमची पेन्शन सुरू होईपर्यंत."

पेन्शन सुरू झाली. गुरुजी अध्यक्ष झाले. ताई मुलांना घेऊन त्यांच्या घरी जायला लागल्या, पाटी बरोबर घेऊन! तुम्ही हसताय. हसा. त्याही हसायच्या. पण परत येताना रस्त्यात डोळे पुसायच्या. माझी शांता सात वर्षांची असताना हे व्हायला हवं होतं, म्हणायच्या. मी नुसती पाटी घेऊन पुढं चालायचे. बोलायला हवं होतं.

आज सकाळी फोटोला हार घालून झाल्यावर गुरुजी मला म्हणाले, "बाई, आता ही मुलं उदगीरच्या मूकबधिर शाळेत धाडा. ती खोली कॉम्प्युटरला लागती."

हार अजून सुकलाही नव्हता हो!

मी त्यांना तिथं उत्तर दिलं नाही. इथं, सगळ्यांसमोर देते. खोली मिळणार नाही. मी ताईंइतकी धीट नाही. पण मलाही आता दया उरलेली नाही.

आता सगळ्यांनी उभं राहू या. दोन मिनिटं आपण गप्प राहू. फक्त शांता आणि ही मुलं बोलतील, हातांनी. ताईंविषयी बोलतील. गुरुजी, तुमच्याविषयीही बोलतील. त्याचा अर्थ मी सांगणार नाही. काही कळत नाही तेव्हा कसं वाटतं, तेवढं दोन मिनिटं सोसा.

आणि ज्यांना समजून घ्यायचंय, त्यांनी सोमवारी या. दहा वाजता वर्ग भरेल.