डावी कळी

माझं माहेर विश्रांतवाडीच्या पुढं, आळंदीच्या रस्त्याला, तवा तिकडं नुसती रानं व्हती, आन् मी गुरवाचीच लेक, गुरवाच्याच घरात दिली, तवा देवळाबिगर दुसरं काय बगितलंच न्हाई म्हना. आमच्या ह्या गावाचं नाव लिहू नका. लिहिलंत तर बाळासाहेबाची मानसं माझ्या दारात हुबी ऱ्हातील, तुमी वर तुमच्या फ्लॅटात दार लावून घ्याल, ऐकून मला घ्यायचंय. तसंबी गावाला नाव ऱ्हायलंय कुटं, तुमच्या कंपनीच्या बसथांब्याला जे नाव दिलंय तेच आता गावाचं. वेस पाडली, चावडी पाडली, तालमीच्या जागी पैशाचं मशीन बसलं. आन् तुमी वही घिऊन येता, काकू, गावातल्या जुन्या इमारतींचं काय तरी सांगा. आता इचारता व्हय? एवढी वर्सं समोर ऱ्हाता, देऊळ हुबं व्हतं तवा कवा आत पाय ठेवला न्हाई. ठेवला असता तर मला सांगायला लागलं नसतं. बसा आता, चहा ठेवलाय.

लगीन झालं तवा वेशीतनं आत आले. एवढी उंच वेस, की कडब्यानं भरल्याली गाडी सरळ आत यायची. तिथनं नाकासमोर भैरोबाचं देऊळ. काळ्या दगडाचं, दगडावर दगड बशिवल्याला, पुढं लाकडी खांबांचा मंडप, दारात दीपमाळ. घंटा कसब्यातल्या तांबटाच्या हातची, सासू सांगायची, तिच्या सासऱ्यानं डोक्यावरनं चालत आनली. देवळाला चिकटून ओवरी, तीच आमचं घर. आमचं काम काय, तर देवाची आंघोळ, शेंदूर, दिवाबत्ती, सोमवारी घरोघर बेल द्यायचा, लग्नात पत्रावळ्या लावायच्या, आन् सुगीला घरटी धान्य मिळायचं. कुनी पायलीभर द्यायचा, कुनी तोंड वाकडं करून द्यायचा, पन द्यायचा. वंगाळ चाललं न्हवतं आमचं.

पन गुरवाचं खरं काम म्हंजे कौल लावायचा. तुमाला ठावं न्हाई? मंग काय शिकवलं तुमाला कालेजात. आमच्या देवाला डोळं व्हतं चांदीचं आन् बाकी अंगभर शेंदूर, आन् त्याच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची येकेक कळी पान्यात भिजवून चिकटवायची आन् देवाला इचारायचं, बाबा, हे करू का नको. उजवी आदी पडली तर कर. डावी पडली तर नको. पोरीचं लगीन ठरवायचं, इहीर खनायची, बैल इकायचा, समदं गाव इचारायला यायचं. आमचे मालक कळ्या लावायच्या आदी हात राखंनं घासायचे, येकाच झाडाच्या, येकाच वजनाच्या कळ्या घ्यायचे, आन् लावून झालं की डोळं मिटून मागं सरायचे, म्हनायचे आता त्यो जानं आन् तुमी जाना. उत्तर काय येतंय ते मानसं बगायची, हे न्हाई बगायचे. गावात भावाभावांची भांडनं हुयाची, पन गुरवाच्या हाताला कुनी बोट लावलं न्हाई.

मंग आल्या कंपन्या. काय सांगू तुमाला, जिथं ज्वारी उगवायला नाक घासायला लागायचं त्या रानाला असा भाव आला की लोकांना रात्रीत बुद्धी फुटली. हा बाळासाहेब, तवाचा बाळ्या, ह्याच्या आईनं माझ्या चुलीवरनं इस्तू नेऊन चूल पेटवलीय, आन् हा नागडा माझ्या ओवरीत नैवेद्याची वाट बगत बसायचा. रान इकलं, गळ्यात कुत्र्याला बांदत्यात तेवढी जाड सोन्याची साखळी आली, गाडी आली, पुढं लिंबू-मिरची, मागं भैरोबा प्रसन्न. कुटं जाऊन हुबा ऱ्हायला तर मानसं बाजूला सरायची. उथळ पान्याला खळखळाट फार, दुसरं काय. मंग ह्याला वाटाया लागलं, आपलं घर फरशीचं आन् देवाचं दगडाचं, लोकं काय म्हनतील. कुटली लोकं, ते न्हाई सांगितलं.

देवळात सभा भरवली. म्हनला, जुनं पाडायचं, स्लॅबचं बांदायचं, राजस्थानातनं संगमरवरी देव आनायचा, खाली गाळे काढायचे. म्हातारी मानसं म्हनली, बाळासाहेब, देवाला इचारा तरी. आता इचारायचं नाई म्हनाया ह्याची छाती झाली न्हाई, म्हनला लावा कौल. मालकांनी हात घासले, कळ्या लावल्या, मागं सरले. डावी पडली. बाळासाहेब हसला, म्हनला, परत लावा, वारा आला आसंल. गाभाऱ्यात वारा! मालक म्हनले, देवाला येकदाच इचारत्यात. न्हाई म्हनला, लावा. लावली. परत डावी. तवा त्यो उठला आन् भर मंडपात, बायामानसं बसल्याली, पोरंसोरं बसल्याली, म्हनला काय, की अहो डावीच पडनार, देऊळ पडलं तर गुरवाची फुकटची खोली जाती ना, देव न्हाई बोलत, खोली बोलती.

येक मानूस उठून म्हनला न्हाई, की बाळ्या, जीभ आवर. ज्यांच्या पोरींची लग्नं ह्यांच्या कळीवर ठरली ते मान खाली घालून बसले. का, तर निम्म्यांना गाळा पायजे व्हता. मालकांनी तांब्या-ताम्हन देवाफुडं ठेवलं आन् ओवरीत येऊन भितीकडं तोंड करून निजले. जेवले न्हाईत. म्या म्हनलं, कुत्रं भुकलं म्हनून काय झालं. तर म्हनले, कुत्रं भुकलं त्याचं न्हाई गं, गाव ऐकून घेत व्हतं.

आन् फुडल्या सोमवारी कळ्या कुनी लावाव्या? आमच्या दत्तानं. पोटच्या पोरानं. मालकांच्या मागारी बाळासाहेबानं त्याला गाडीत घालून कुटं नेला, काय खायला घातलं, भैरोबाला ठावं. पोरगं आलं, हात घासलं न्हाईत, कळ्या लावल्या, आन् उजवी पडली. लगी गुलाल उधळला, आदीच आनून ठेवल्याला. मालक दारात हुबे व्हते.

संध्याकाळी दिवा लावायला आमी दोगं आत गेलो तर देवाच्या डाव्या खांद्यावर मुंग्या. वळ लागल्याली, खालपासनं खांद्यापत्तुर. म्या बोट लावून बगितलं, चिकट. गूळ. डाव्या कळीला गूळ लावला व्हता माझ्या पोरानं, ती पडायची कशी? म्या पदर खोचला, म्हनलं, आत्ता चावडीवर जाते आन् समद्यांना हिथं आनून दावते. तर मालकांनी माझा हात धरला. ओलं फडकं घेतलं आन् देवाचा खांदा पुसून काढला, सावकाश, लेकराचं तोंड पुसावं तसा. म्हनले, घरात येकच खोटा पुरे, आन् त्यो मी झालोय. पोराला आजून सारा जनम काढायचाय.

बाई, त्या दिशी मला त्यांचा असा राग आला, आजून हाय. देवमानूस म्हनत्यात ना, त्याच्यासंगं संसार करून बगावा म्हंजे कळतंय.

जेसीबीनं देऊळ पाडलं. दगड जाग्यावरनं हलंनात, मशीनचा दात मोडला, मला लई बरं वाटलं. मंग दुसरं मशीन आनलं. लाकडी खांब कुनाच्या तरी फार्महाऊसावर गेले. आन् दीपमाळ कुटं गेली म्हनता? तुमच्या सोसायटीच्या गेटात कारंज्याच्या मधी हुबी हाय ती, निळ्या लाईटीत, तिच्याफुडं फोटू काढता तीच. जुन्या देवाला नदीत सोडनार व्हते. मालक गाडीम्होरं आडवं झाले, म्हनले, त्याला मी नेतो. तेवढं मातुर दिलं, भ्याले आसत्याल. तवापासनं देव ह्या पत्र्याच्या खोलीत, त्यो बगा, चुलीच्या वर. नव्या देवळाच्या संडासामागं जागा दिली आमाला, उपकार केल्यासारखी. दत्ता नव्या देवळात पगारी पुजारी झाला, बाळासाहेबाच्या बिल्डिंगीत ऱ्हातो. दिवाळीला येतो, मिठाई ठेवतो, जातो. मी म्हनत न्हाई बस.

मालक त्यानंतर देवळाच्या वाटनं कवा गेलं न्हाईत. गावात कुनी थट्टा करायचं झालं की म्हनायचं, काय रं, गुरवाची कळी हाय का, म्हंजे खोटं बोलतोस का. ही म्हनच पडली. किरानाच्या दुकानात माझ्या तोंडावर पोरं म्हनायची. मालकांच्याबी कानावर जायची. देवाला आंघोळ घालायचे आन् बसायचे. तसेच गेले. चार खांदे मिळाले, पन त्यातल्या येकानंबी त्यांना खरा म्हनलं न्हाई.

आता ऐका. औंदा संक्रातीच्या आदी हा बाळासाहेब हिथं आला. गाडी लांब ठेवून, चालत. शुगर झालीय, पायात मऊ मऊ चपला. काकू, बऱ्या हाय का? म्हनलं, मेले न्हाई तेवढी बरी. मंग सांगाया लागला, इहिरीजवळचं येक रान तेवढं ऱ्हायलंय, थोरला पोरगा म्हनतो इका, धाकला म्हनतो इकायचं न्हाई, दोगं येकमेकाच्या उरावर बसल्यात, येक कळी लावायची व्हती. म्हनलं, मंग तुझा देव हाय की, लाखाचा. तर म्हनला, त्यो गुळगुळीत हाय काकू, पॉलिश केल्याला, कळी धरीतच न्हाई, दोन्ही लगी खाली. म्हनलं, दत्ताला इचार, त्याच्या हातात कला हाय. तर हसला आन् म्हनला, दत्ताचं नगं काकू, त्यो गूळ लावतो. जुन्या देवाला तुमीच लावा. काकांच्या घरचा हात खरा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हनलं, काय म्हनलास? परत म्हन. म्हनला, काकांचा हात खरा व्हता, मला काय ठावं न्हाई व्हय. एवढं सोपं! जे ऐकायला माझा मानूस भितीकडं तोंड करून झुरून मेला ते ह्यानं चहा पिता पिता सांगून टाकलं. म्या म्हनलं, बाळ्या, कळी लावते. पन आज सांजच्या आरतीला, तुझ्याच भोंग्यावरनं, गावाला सांग, गुरव खरा व्हता, देवानं नाई म्हनलं व्हतं, खोटं मी बोललो. आन् माझ्या दत्ताचं नाव घ्यायचं तर घे, माझी ना न्हाई. पोटचा हाय म्हनून त्याच्या बापानं झाकलं, मी झाकायची न्हाई. तर मान खाली. काकू, झालं गेलं गंगेला मिळालं. म्हनलं, गंगेला न्हाई मिळालं रं, ते हिथं माझ्या चुलीपाशी बसलंय. उठ. गेला. तवापासनं दोन-चारदा मानूस धाडला, साडी धाडली, म्या साडी तशीच माघारी धाडली.

तुमी म्हनता, काकू, तुमीच का सांगत न्हाई गावाला. सांगून बगितलं की. लोकं म्हनत्यात, बाई नवऱ्याचीच बाजू घेनार. माझ्या तोंडानं सांगून उपेग न्हाई, ज्या तोंडानं खोटं म्हनलं त्याच तोंडानं खरं म्हनाया पायजे. आन् त्याची तब्येत आता ढासळायला लागलीय. म्हनून मी रोज सकाळी देवाला आंघोळ घातली की पयलं मागनं बाळासाहेबाचं मागते. हसू नका. म्हनते, देवा, त्याला शंभर वर्सं दे, त्याची शुगर उतरू दे, त्याच्या पायाला जखम हुऊ देऊ नगंस, डागदर चांगला गाठ घालून दे. न बोलता त्याला नेऊ नगंस. आन् मलाबी तवर ठेव बाबा, त्यो बोलल तवा ऐकायला घरचं कुनीतरी पायजे.