बिबवेवाडीतला नेमाचा पाऊस

"मी गावाहून येईपर्यंत गच्चीवरचं पाऊस मोजायचं यंत्र तू सांभाळ," असं रंगनाथराव निघताना म्हणाले होते आणि सुशीलाबाईंनी त्यांना शब्द दिला होता. आज बसच्या रांगेत त्यांच्या पुढेच हवामानखात्यातली दोघं उभी होती.

"विश्वजीत, अख्ख्या आशियात सगळ्यात नेमाने पाऊस कुठे पडतोय, सांग."

"कुठे?"

"बिबवेवाडीत, एका गच्चीवर. रोज सूर्योदयाला बारा मिलिमीटर."

"आणि शेजारच्या गच्चीवर?"

"थेंब नाही. एकादशीला मात्र चोवीस."

"ढग उपास धरतो वाटतं!"

"हसू नकोस. साहेब उद्या ते यंत्रच काढून नेणार आहेत."

अर्घ्याचं पाणी पायदळी जाऊ नये म्हणून आता दुसरं भांडं आणायला सुशीलाबाई हळूच रांगेतून निघाल्या.