पाठीवरचा डाग

ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गच्या त्वचेच्या दवाखान्यात मी नामस्मरण करत बसले होते. डॉक्टरांच्या खोलीतून एक म्हातारा ऊस-शेतकरी आणि त्याची बायको बाहेर आले आणि माझ्या शेजारी टेकले.

"ऐकलंस ना नेव्हिल? मुळासकट निघालाय. कापलेल्या तुकड्याच्या कडा साफ आहेत."

"माझ्या तणाच्या चिकाला नावं ठेवत होतीस! बघ, नाक कसं लख्ख झालंय."

"नाकावर साधा वयाचा डाग होता. कॅन्सर पाठीवर होता."

"तिथं माझा हात पोचत नव्हता. तुला लाव म्हटलं, तर तू ऐकलं नाहीस, डॉक्टरकडेच ओढत आणलंस."

"आणि तू अबोला धरलास. कुत्र्याशी बोलायचास, माझ्याशी नाही."

"आजोबा सगळ्याला तोच चीक लावायचे, डॉरीन."

"आत्ता डॉक्टर काय म्हणाले? चीक लावला असता तर वरून कातडी भरून आली असती, आणि आत तो वाढत राहिला असता."

"हं."

"नुसतं हं?"

"बरं झालं, तू हट्टी आहेस."

"हे जरा मोठ्यानं म्हण."

"म्हटलं ना एकदा! अगं, आता रडतेस कशाला? निघाला ना सगळा?"

"निघाला म्हणूनच. इतके दिवस तुझ्यासमोर रडायची सोय नव्हती."