साडेबारा हजार भागिले नऊशे

नाही काका, चौदा नाही — कुणी सांगितलं चौदा? मोबाईलनं? अहो, तो दोन विमानतळांमधलं अंतर घेतो, त्याला वेगानं भागतो आणि मोकळा होतो. तुमची लेक काय पक्षी आहे? तिकडून थेट विमानच नाही. हे बघा, स्क्रीन तुमच्याकडे वळवते — पहिलं विमान सहा तास, मग मधल्या विमानतळावर नऊ तास खुर्चीत ताटकळायचं, मग दुसरं साडेनऊ तास. त्याआधी घरातून निघायचं, तीन तास रांगा, इथे उतरल्यावर पुन्हा शिक्के, सामान — एकतीस धरा. तेही जागा मिळाली तर, आणि उद्या सकाळपर्यंत एकही जागा नाहीये. कधीचं हवंय तिकीट?

म्हणजे? तिला अजून सांगितलंच नाही? काकू चार दिवस आयसीयूत आणि मुलीला — 'उगाच जिवाला घोर लावून घेईल'? वा! आणि 'डॉक्टर म्हणाले की बोलावू, चौदाच तासांचा तर प्रश्न'! शी! तुम्ही सगळे ठरवून एकसारखे वागता का हो?

ओरडत नाहीये. आवाजच असा आहे माझा.

एका घरात अगदी हेच झालं. त्या मुलीचे मामा गणिताचे मास्तर — जन्मभर पोरांना वेग, वेळ, अंतर शिकवलेलं. साडेबारा हजार किलोमीटर भागिले नऊशे, उत्तर चौदा, खाली दोन रेघा. डॉक्टर म्हणाले, फार तर एक दिवस. मामा म्हणाले, दिवसाचे तास चोवीस, म्हणजे दहा हातात उरतात, आता कळवलं तरी चालेल. उरतात म्हणे! बाबांनी मान डोलावली, ते नेहमी डोलावतात. आणि फोनवर काय? 'आईला जरा बरं नाही, जमलं तर येऊन जा.' जमलं तर! मी दारात पोचले तेव्हा आईची गादी गुंडाळून भिंतीला टेकवलेली होती, आणि मामा शेजाऱ्यांना सांगत होते, विमानाला उशीर झाला हो. उशीर नव्हता, मिनिटावर उतरलं. अजून तेच सांगतात सगळ्यांना. एक आकडा चुकला म्हणायला जीभ रेटत नाही. किळस येते.

हो, मीच ती. कळलं ना? बरं, मीही काही शहाणी नव्हते — आई फोनवर खोकायची आणि मी म्हणायचे, कामात आहे गं, नंतर करते. पण तो खोकला कसला, हे एकाही मोठ्या माणसानं मला सांगू नये?

पाणी नको मला. तुम्ही प्या. आणि हातातली ती चिठ्ठी खिशात ठेवा, तारखा नंतर लिहा. आधी तिचा नंबर लावा. आत्ता, इथे बसून. ऑफिसात असेल तर असू दे. आणि गोलगोल बोलायचं नाही, काका — आयसीयू म्हणायचं, चार दिवस म्हणायचं. वाजतोय? उचलला?

माझ्याकडे काय बघताय? बोला.