ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली

त्या कुलपाची हकिकत तुम्हाला सांगायची राहिलीच. डिचोलीच्या एका महाविद्यालयात खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ शिरे, म्हणून ग्रंथपाल पुस्तकांची कपाटे कुलपात ठेवत. एकदा मी तेथे वाचत बसलो असता मुळगावच्या एका विद्यार्थिनीने कादंबरी मागितली.

"नाव सांग."

"चाळल्याशिवाय कुठची हवी ते कसे सांगू, सर?"

"नावाशिवाय कपाट उघडत नाही, बाय."

ती हिरमुसून निघाली. मला राहवले नाही. काचेतून दिसणारी नावे मी एकामागून एक मोठ्याने वाचू लागलो. म्हटले, "हिला ही सर्व हवी आहेत."

"पुरे हो काका," म्हणत ग्रंथपालांनी किल्ली आणि फडके तिच्या हाती दिले. "चाळ हवी तितकी, पण पुसून ठेव."

पुढच्या आठवड्यात त्या फडक्यासाठी विद्यार्थ्यांची रांग लागली होती.