फुलवंतीची दाढ

नाई, माह्या तोंडाचा फोटू नाई काढू देत मी. काऊन काढू देऊ? सकाळपासून शाळेच्या पडवीत बसून राह्यले तुमी, डाक्टरसाहेब — आमा कोरकूच्या लेकरायचे दात मोजून राह्यले, वहीत लिहून राह्यले — अन् माह्या नातीनची दाढ काढा म्हनलं तं म्हनता, बाई, आमी निस्तं पाहाले आलो! पाहाले? सहा वर्साची पोट्टी हाय फुलवंती, तीन दिवस झाले, पेजही गिळत नाई. गाल पाहा तिचा — हात नका लावू, रडते.

हसता काऊन? माहे दात चांगले हायत म्हनून? हाव, हायत. साठी उलटली, पुरे बत्तीस — अजून मक्याचं कणीस दातानं सोलते. काय खाल्लं? पहाडात जे भेटलं थे — कोदो, कुटकी, ज्वारीची भाकर. अन् गोडाचंच म्हनान तं मोहाची फुलं खाल्ली, मध खाल्ला पोळ्यासकट, काईच किडलं नाई. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बाभूळ होती, सकाळी काडी तोडा अन् चावत चावत ढोरामांगं जा. मंग बीटी कापसाचं बी आलं. कोदोच्या जागी सरकी, धुऱ्यावरही सरकी — बाभूळ तोडली. तरी पुरलं नाई, मंग आमी पहाड उतरून सोनाळ्याकडं, दुसऱ्याच्या पऱ्हाटीत कापूस येचाले.

लेकरू धुऱ्यावर रडलं का मुकादम बिस्कुटाचा पुडा फेके — मया नाई हो, मायनं कापूस येचाची पात सोडून उठू नये म्हनून! कुत्र्याले फेकतेत तसा. अन् तुमी इचारता, पोरीले गोडाची सवय कोनं लावली — जसं आमी अडानी, आमाले कळत नाई. पुडे आमी आनले का पहाडावर? रस्ता झाला, त्याच साली दुकान चढलं वर. दवाखाना नाई चढला!

हे चित्र कायले दाखवता आता? लेकराच्या तोंडात शिशी? हो, होती शिशी… अहो, पोट्टी तान्ही होती तवा तिची माय पातीवर, मीबी पातीवर. मायचं दूध आटलेलं. एक जन जरी लेकरापाशी बसली तं मुकादम म्हने, उद्यापासून येऊ नका. मंग साखरपानी. तोंडात देऊन झाडाखाली निजवली का निजे बिचारी, दिवसभर निजे, शिशी तोंडातच… कोनं भरली म्हंजे? मी भरली! ह्याच हातानं, सकाळी चुलीपाशी, आधी दोन चमचे, मंग तीन — जास्त निजावी म्हनून. मुकादमानं नाई, दुकानवाल्यानं नाई. आजीनं. लिव्हा! लिव्हा ना, थांबले काऊन?

लिव्हलं? आता काढा दाढ. — औजारच नाई आनलं? बुलढान्याले या म्हनता, कागद घेऊन?

बंद करा थे बॅटरी, डोळ्यावर येते तिच्या. चाल फुलवंती. मिट तोंड, माय. आता कोनालेच दाखवाचं नाई.